श्रीनाथ शेषगिरी कलबाग

डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग (१९२८–२००३) हे भारतीय शास्त्रज्ञ व शिक्षणतज्ज्ञ होते. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ या गावी त्यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रमाची स्थापना केली. माध्यमिक शाळेतील मुलांनी हाताने काम करत विज्ञान शिकावे आणि त्या कामाचा गावाला प्रत्यक्ष उपयोग व्हावा, या भूमिकेतून त्यांनी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम घडवला. तो ‘आयबीटी’ या नावाने अधिक ओळखला जातो.

शिक्षण व संशोधनकार्य

कलबाग यांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवली. भारतात परतल्यावर त्यांनी म्हैसूर येथील केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत काम केले. १९६३ पासून ते मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात होते आणि तेथील अभियांत्रिकी विभागाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. १९८२ मध्ये त्यांनी मुदतपूर्व निवृत्ती घेतली. त्या वेळी त्यांचे वय ५४ च्या आसपास होते. मोठ्या पगाराची नोकरी सोडून खेड्यात जाणारे लोक त्या काळात इतरही होते. कलबाग यांचे वेगळेपण असे की, ते समाजसेवक म्हणून गेले नाहीत. शिक्षणपद्धतीविषयीचा एक सिद्धान्त तपासून पाहण्यासाठी ते खेड्यात गेले आणि संशोधकाची ही दृष्टी त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

पाबळ

शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचे एक केंद्र म्हणून विज्ञान आश्रम सुरू झाला. नाईक यांचे १९८१ मध्ये निधन झाले होते. त्यांच्या पत्नी डॉ. चित्रा नाईक या संस्थेच्या कामात अग्रणी होत्या. कलबाग पत्नी मीरा यांच्यासह पाबळला राहण्यास गेले.

राजगुरुनगर आणि शिक्रापूर यांच्या दरम्यान असलेले पाबळ इतिहासाच्या वाचकांना मस्तानीच्या समाधीमुळे ठाऊक असते. हा परिसर अवर्षणप्रवण आहे. येथील जमीन दख्खनच्या काळ्या कातळाची असून पाऊस बेभरवशाचा आहे. पश्चिमेला काही अंतरावरचे चाकण त्या वेळी प्रामुख्याने कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध होते. मोटारींचे मोठे कारखाने तेथे नंतर आले. पिंपरी-चिंचवडमध्ये मात्र कारखानदारी स्थिरावली होती आणि आसपासच्या खेड्यांतील तरुणांना तिकडची ओढ होती. दहावीत नापास झालेल्या किंवा शाळा सोडलेल्या मुलाला त्या कारखान्यांत फार तर हंगामी मजुरी मिळे. कलबाग यांचे लक्ष याच मुलांकडे होते. नेहमीच्या शाळेत ही मुले शिकू शकली नाहीत, याचे कारण त्यांनी मुलांच्या बुद्धीत शोधले नाही. शिकवण्याच्या रीतीतच उणीव आहे, असे ते मानत. पाबळसारख्या कोणतीही विशेष अनुकूलता नसलेल्या गावात जे साधेल ते इतरत्रही साधेल, हा त्यांचा हिशेब होता.

जमिनीतील पाण्याचा शोध

आश्रमात उभ्या राहिलेल्या कामांपैकी भूजलशोधनाच्या कामातून कलबाग यांची पद्धत सर्वांत स्पष्टपणे कळते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने विहीर किंवा बोअर हा आयुष्यातील सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक असतो. बोअर कोरडी गेली तर कर्ज उरते आणि पाणी मिळत नाही. जागा ठरवण्यासाठी नारळ वा काठी घेऊन फिरणारा पाणाड्या बोलावण्याची रीत सर्वत्र होती व आजही ती संपलेली नाही. भूशास्त्रीय सर्वेक्षण करणारी उपकरणे उपलब्ध होती, परंतु त्यांची किंमत गावाला परवडणारी नव्हती. आश्रमाने कमी खर्चाचा भूरोधमापक तयार केला आणि विद्यार्थ्यांना तो हाताळण्यास शिकवून परिसरातील शेतकऱ्यांना ही सेवा उपलब्ध करून दिली.

या उपकरणामागील तत्त्व दहावीच्या पुस्तकातील ओहमच्या नियमापलीकडे फारसे जात नाही. एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर चार लोखंडी सळ्या जमिनीत ठोकतात. बाहेरच्या दोन सळ्यांमधून विद्युतधारा सोडतात आणि आतल्या दोन सळ्यांमधील विभवांतर मोजतात. विभवांतराला धारेने भागून आलेल्या संख्येला सळ्यांमधील अंतराने आणि ६.२८ ने गुणले की जमिनीची भासमान रोधकता मिळते. उदाहरणार्थ, अंतर १० मीटर, धारा ५० मिलिअँपिअर आणि विभवांतर ४० मिलिव्होल्ट असेल तर रोधकता सुमारे ५० ओहम-मीटर येते. तेवढ्याच धारेला विभवांतर ४०० मिलिव्होल्ट भरले तर ती ५०० ओहम-मीटरच्या आसपास जाते. अखंड कातळाची रोधकता मोठी असते. पाणी धरून ठेवणाऱ्या मुरमाची किंवा भेगाळलेल्या थराची बरीच कमी असते. सळ्यांमधील अंतर वाढवत नेले की अधिक खोलीवरच्या थरांचा प्रभाव मोजमापात उतरतो. अशी अनेक वाचने आलेखावर मांडून थरांचा अंदाज बांधतात. हा अंदाजच असतो, कारण चिकणमातीची रोधकताही कमी असते आणि तिच्यातून विहिरीला पाणी सुटत नाही. म्हणून आकड्यांच्या जोडीला परिसरातील विहिरींचे थर पाहणे आवश्यक ठरते.

प्रत्यक्षात अडचण येते ती मोजण्यात. उन्हाळ्यात कोरड्या मातीशी सळीचा संपर्क क्षीण असतो आणि मिळणारे विभवांतर काही मिलिव्होल्टच असू शकते. साधा काट्याचा व्होल्टमीटर स्वतःच्या काट्यासाठी मंडलातूनच धारा घेतो, त्यामुळे अशा ठिकाणी तो मूळ मूल्यापेक्षा कमी दाखवतो. शिवाय जमिनीत काही विभवांतर निसर्गतःच असते. ते वगळण्यासाठी धारेची दिशा उलटवून पुन्हा वाचन घ्यावे लागते. संख्यादर्शक व्होल्टमीटरचा अंतर्गत रोध काही मेगाओहम असल्याने पहिली अडचण बरीच दूर होते. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटरसिल कंपनीच्या ७१०६ आणि ७१०७ या आयसी बाजारात आल्या, तेव्हापासून असा मीटर शाळेच्या प्रयोगशाळेतही जोडता येऊ लागला. या आयसीमध्ये मोजावयाच्या विभवांतराने एक धारित्र ठरावीक काळ प्रभारित होते, मग ज्ञात संदर्भ विभवांतराने ते रिकामे होते; रिकामे होण्यास लागलेला वेळ मोजून आकडा दाखवला जातो. संदर्भ १०० मिलिव्होल्ट ठेवला तर मीटर १९९.९ मिलिव्होल्टपर्यंत वाचतो. पुढे ९ मेगाओहम व १ मेगाओहम रोधांचा विभाजक जोडला की मर्यादा दहापट होते. विज्ञान प्रदर्शनात मांडलेला असा मीटर बहुधा टॉर्चच्या सेलचे दीड व्होल्ट दाखवून कपाटात जातो. कलबाग यांच्या पद्धतीत मोजमाप शेतात होई आणि आकड्याची वाट पाहणारा शेतकरी समोर उभा असे. वाचन चुकले तर नुकसान कोणाचे, हे विद्यार्थ्याला सांगावे लागत नसे.

मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख

आश्रमातील अनुभवावरून कलबाग यांनी आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी अभ्यासक्रम तयार केला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन असे त्याचे चार भाग आहेत. आठवड्यातील एक दिवस या कामासाठी राखलेला असतो. मुलगे व मुली दोघांनीही चारही भागांतील कामे करावयाची असतात; म्हणजे मुलीने वेल्डिंग करायचे आणि मुलाने स्वयंपाकघरातील कामेही शिकायची. शिकवण्यासाठी पदवीधर शिक्षकांऐवजी त्या त्या कामात मुरलेले स्थानिक कारागीर नेमण्यावर कलबाग यांचा भर होता. विद्यार्थ्यांनी गावाला दिलेल्या सेवेचे मोल घ्यावे, असाही त्यांचा आग्रह असे. फुकट दिलेल्या कामातील दोष कोणी दाखवत नाही, हे त्यामागचे व्यावहारिक कारण होते. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्राच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने या अभ्यासक्रमाला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली. शाळा सोडलेल्या तरुणांसाठी आश्रमात एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रमही चालतो.

भूमितीय रचनेचे पाबळ घुमट आणि जीपचे सुटे भाग वापरून केलेला ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टर ही आश्रमाची इतर परिचित कामे होत. यांपैकी प्रत्येक वस्तू बाजारात यशस्वी झाली असे नाही. कलबाग यांच्या लेखी मात्र ती बनवताना मुले काय शिकली, याचे महत्त्व अधिक होते.

फॅब लॅब आणि अखेरची वर्षे

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्याशी कलबाग यांचा संपर्क आला आणि २००२ मध्ये पाबळला फॅब लॅब सुरू झाली. संगणकनियंत्रित यंत्रांच्या साहाय्याने हवी ती वस्तू स्थानिक पातळीवर घडवण्याची ही प्रयोगशाळा त्या संस्थेबाहेर उभ्या राहिलेल्या पहिल्या काही केंद्रांपैकी एक होती. गर्शेनफेल्ड यांच्या ‘फॅब’ या २००५ मधील पुस्तकात कलबाग यांच्या कामाचा परिचय आहे. पाबळने या प्रयोगशाळेकडून मागितली ती प्रामुख्याने मोजमापाचीच साधने: दुधाची प्रत तपासणारी आणि डिझेल इंजिनाची कार्यक्षमता मोजणारी. भूरोधमापकापासून सुरू झालेला हा धागा असा वीस वर्षे टिकला होता.

२००३ मध्ये कलबाग यांचे निधन झाले. विज्ञान आश्रमाचे काम पाबळला पुढे चालू राहिले. लेंड-अ-हँड इंडिया या संस्थेच्या सहभागाने आयबीटी महाराष्ट्राबाहेरील शाळांतही गेला. मात्र हा विषय सर्व शाळांत सक्तीचा व्हावा, ही कलबाग यांची अपेक्षा पूर्ण झाली नाही. राज्यातील बहुसंख्य माध्यमिक शाळांमध्ये तो आजही शिकवला जात नाही.