जोग महाराज आणि त्यांच्याभोवतीची मंडळी

पौष वद्य एकादशी जवळ आली की आमच्या हरसूलकडच्या पाड्यापाड्यांतून मंडळी निवृत्तिनाथांच्या यात्रेस निघतात. भात-नागलीची कामे आटोपलेली असतात. खांद्यावर पताका घेऊन डोंगरवाटेने त्र्यंबकेश्वर गाठायचे. यंदा वाटेतल्या मुक्कामी चार तरुण कीर्तनकार आमच्या शेजारी टेकले. चौघेही नवखे. आम्ही सहज सुचविले की बाबांनो, दर एकादशीस एकत्र बसत जा. एकाने निरूपण करावे, तिघांनी चुका काढाव्यात. त्यांतला एक हसला. आंधळ्याने आंधळ्याला काय वाट दाखवायची, गुरूच हवा, असे त्याचे म्हणणे. तेव्हा आम्हांस उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर विष्णुबुवा जोग महाराज आठवले, म्हणून ही लेखणी हाती धरली.

महाराजांचा जन्म पुण्याचा, सन १८६७. नाव विष्णु नरसिंह जोग. तरुणपणी त्यांचा ओढा तालमीकडे. वाचकहो, ही गोष्ट वरवरची समजू नका. तालमीत उस्ताद डाव दाखवतो खरा, पण अंग तयार होते ते जोडीशी रोज झोंबून. एकट्याने कितीही जोर-बैठका मारल्या तरी आपला पाय कुठे सुटतो हे जोडीदार पाडतो तेव्हाच कळते. आमच्या मते पुढे आळंदीस महाराजांनी जे उभारले त्यातला निम्मा विचार त्या लाल मातीतला आहे.

लग्न त्यांनी केले नाही. पायांना आळंदीची वाट लागली आणि मन ज्ञानेश्वरीत गुंतले. संप्रदायात असे सांगतात की माळ घालावयास कोणी देहधारी गुरू न करता त्यांनी ती माउलींच्या समाधीवर ठेवली आणि तिथूनच उचलून गळ्यात घातली. ग्रंथांचा अभ्यासही पुष्कळसा स्वतःच्या बळावर झाला. तुकोबारायांची गाथा त्यांनी अर्थासह सिद्ध केली, अमृतानुभवावर लिहिले. लोकमान्य टिळकांशी त्यांचा स्नेह होता, पण तो विषय वेगळा. आम्हांस वाटते, ज्याने एकट्याने वाट तुडविली त्यालाच सोबतीची किंमत जास्त कळते. अडल्या ओवीपाशी विचारायला जवळ कोणी नसणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले तोच दुसऱ्यांसाठी बैठक घालतो.

शके १८३९, म्हणजे १९१७ साली, चैत्र शुद्ध प्रतिपदेस त्यांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. पाडव्याच्या दिवशी गुढी उभारली ती ही. थाट काही नाही. माधुकरी मागून आणायची, खायची, आणि पाठाला बसायचे. तोवर कीर्तन शिकायचे म्हणजे एखाद्या फडावर वर्षानुवर्षे टाळ धरून उभे राहायचे आणि कानावर पडेल ते उचलायचे. ती रीत वाईट नव्हे, आम्हीही तशीच घेतली. पण त्यात चुकलेला पाठ चुकलेलाच पुढच्या पिढीकडे जातो आणि लोक माना डोलावतात म्हणून बुवांना वाटते की आपले बरोबर आहे. श्रोता नमस्कार करतो, चूक काढीत नाही. चूक काढणारा बरोबरीचाच लागतो. तरी बरोबरीचे चार जण नुसते एकमेकांची वाहवा करीत बसले तर तेही व्यर्थ. म्हणून मधे ग्रंथ उघडा हवा. वाद पडला की बोट ओवीवर ठेवायचे.

आपले कीर्तनच पाहा ना. बुवा पुढे उभे, मागे टाळकरी. प्रमाणाचा अभंग बुवांनी नुसता काढला की मागचे तो उचलतात. बुवा चरण विसरले तर मागून आधार येतो. एकट्याचे कीर्तन आपल्याकडे नाहीच. मग त्याचा अभ्यास तेवढा एकट्याचा का असावा?

आता खरी कसोटी पाहा. संस्थेचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. आणि १९२० च्या फेब्रुवारीत, माघ वद्य प्रतिपदेस, महाराजांनी देह ठेवला. संस्थेला तीन वर्षेही पुरती झाली नव्हती! शिकवणाराच गेला. पोरे आपापल्या गावी परतली असती तरी कोणी दोष दिला नसता. पण महाराजांच्या भोवती जमलेली मंडळी एकमेकांना धरून राहिली. बंकटस्वामी बीडकडचे, मारुतीबुवा गुरव, लक्ष्मणबुवा, आणि सोनोपंत दांडेकर तर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुढे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य झालेले. गाव वेगळे, जात वेगळी, शिक्षण वेगळे. त्यांनी संस्था सांभाळली, नवी मुले तयार केली. २०१७ मध्ये तिला शंभर वर्षे झाली. महाराष्ट्रात आज गावोगाव उभे राहणाऱ्या कितीतरी कीर्तनकारांचा पाठ आळंदीचा आहे.

त्या हसणाऱ्या पोराला आम्ही एवढेच कळविले. गुरू हवा, त्यात वाद नाही. निवृत्तिनाथ ज्ञानोबारायांचे गुरू होतेच; पण ज्ञानोबा ताटी लावून बसले तेव्हा उघडायला लावणारी धाकटी मुक्ताई होती, हेही त्याच घरातले.

चौघांचा निरोप आला आहे. येत्या एकादशीस हरसूलला आमच्या ओटीवर बसणार. जोग महाराजांची सार्थ गाथा कोणाकडे धड असल्यास घेऊन यावी; आमच्या प्रतीची शेवटची पाने वाळवीने खाल्ली आहेत.