कर्करुग्णांचे 'टाटा' : सर दोराबजी टाटा

कोल्हापूर - घरात कोणाला कर्करोगाचे निदान झाले, की कोल्हापूर, सांगली, सातारा या भागात गेली कित्येक दशके पहिला विचार एकच होत आला आहे, तो म्हणजे रुग्णाला 'टाटा'ला नेण्याचा. येथे टाटा म्हणजे मोटार नव्हे, मीठ नव्हे की पोलादही नव्हे. टाटा म्हणजे मुंबईत परळला असलेले टाटा मेमोरियल रुग्णालय. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून पहाटे दादरला उतरणाऱ्या असंख्य कुटुंबांसाठी हे नाव आशेचे झाले. मात्र ज्यांच्या दुःखातून आणि दातृत्वातून हे रुग्णालय उभे राहिले, ते सर दोराबजी टाटा बहुतेकांना केवळ जमशेटजींचे पुत्र म्हणूनच ठाऊक असतात. आपल्या इच्छेतून उभे राहिलेले रुग्णालय पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. ते सुरू झाले, तेव्हा दोराबजींच्या निधनाला जवळजवळ नऊ वर्षे लोटली होती.

दोराबजींचा जन्म 27 ऑगस्ट 1859 रोजी मुंबईत झाला. जमशेटजी आणि हिराबाई यांचे ते ज्येष्ठ चिरंजीव. शालेय शिक्षणानंतर ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठात दोन वर्षे शिकले. तेथे अभ्यासापेक्षा क्रिकेट आणि फुटबॉलच्या मैदानांनी त्यांना अधिक लळा लावला. 1879 मध्ये ते परतले आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून 1882 मध्ये पदवीधर झाले. त्यानंतर सुमारे दोन वर्षे त्यांनी 'बॉम्बे गॅझेट' या वृत्तपत्रात उमेदवारी केली. 1884 मध्ये ते वडिलांच्या कापड व्यवसायात शिरले. जमशेटजींनी 1877 मध्ये नागपूरला सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्येही त्यांनी कामाचे धडे गिरवले.

त्यांचा विवाह मात्र बराच उशिरा, वयाच्या अडतिसाव्या वर्षी झाला. म्हैसूर संस्थानचे शिक्षणाधिकारी होरमसजी भाभा यांची कन्या मेहरबाई या दोराबजींपेक्षा वीस वर्षांनी लहान होत्या. 1898 मध्ये हे लग्न झाले. मेहरबाई उत्तम पियानो वाजवत, टेनिसच्या मैदानावर साडी नेसूनच उतरत आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी परखडपणे बोलत. बालविवाह, पडदापद्धती आणि अस्पृश्यता यांना त्यांचा विरोध होता. भारतीय महिलांची राष्ट्रीय परिषद उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. या दांपत्याला अपत्य नव्हते. विवाहानंतर थोड्याच वर्षांत दोराबजींनी पत्नीसाठी 245 कॅरटचा 'ज्युबिली' हिरा खरेदी केला. आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून अधिक वजनाचा हा हिरा पुढे एका वेगळ्याच कारणाने इतिहासात नोंदला गेला.

वडिलांची अपुरी स्वप्ने

1904 मध्ये जर्मनीत जमशेटजींचे निधन झाले. पोलादाचा कारखाना, जलविद्युत आणि विज्ञानसंशोधनाची संस्था ही त्यांची तीनही मोठी स्वप्ने तेव्हा कागदावरच होती. ती प्रत्यक्षात आणण्याची जबाबदारी दोराबजी आणि त्यांचे धाकटे बंधू रतन यांच्यावर आली. लोहखनिजाच्या शोधात दोराबजी स्वतः मध्य भारतातील जंगले तुडवत फिरले. 1907 मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनी स्थापन झाली. लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना, तेव्हा ते भारतीयांकडूनच उभे करण्यात आले. 1912 मध्ये साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, पोलाद तयार झाले. बंगळूरची विज्ञानसंस्थाही याच काळात आकाराला आली. 1910 मध्ये दोराबजींना 'सर' हा किताब मिळाला.

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे पाणी अडवून वीज निर्माण करण्याची योजनाही त्यांच्याच काळात पूर्ण झाली. 1915 मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. मात्र या यशाला दुसरी बाजूही होती. मुळशी येथील धरणासाठी मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी घेण्यात आल्या. त्याविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. धरण झाले, शेतकरी विस्थापित झाले. टाटांच्या उद्योगाविषयी महाराष्ट्राच्या मनात कृतज्ञतेबरोबर ही सलही आहे.

केंब्रिजमध्ये जडलेली खेळाची आवड दोराबजींनी आयुष्यभर जपली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे ते अध्यक्ष होते. तेथील स्पर्धांत अनवाणी धावणारी खेड्यापाड्यांतील मुले पाहून भारताचा संघ ऑलिंपिकला पाठवण्याचे त्यांच्या मनाने घेतले. 1920 मध्ये बेल्जियममधील अँटवर्पच्या ऑलिंपिकसाठी भारताचा छोटा संघ रवाना झाला. त्यात बेळगावचे धावपटू फडेप्पा चौगुले होते, कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे मल्लही होते. या खर्चाचा मोठा वाटा दोराबजींनी स्वतः उचलला. 1927 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ऑलिंपिक संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले.

हिरा गहाण पडला

पहिल्या महायुद्धानंतर पोलादाचे भाव घसरले आणि कारखाना अडचणीत आला. 1924 मध्ये कामगारांचे पगार भागवण्याइतकेही पैसे कंपनीकडे उरले नाहीत. तेव्हा दोराबजींनी आपली सुमारे एक कोटी रुपयांची खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून कर्ज उभारले. मेहरबाईंचे दागिने आणि तो ज्युबिली हिराही त्यात होता. कारखाना सावरला, पगार झाले आणि हिरा परत आला.

कारखान्यावरील संकट असे टळले. सात वर्षांनी घरावर आलेले संकट मात्र पैशाने टळण्यासारखे नव्हते. मेहरबाईंना रक्ताचा कर्करोग झाला. त्या काळी या रोगावर गुणकारी औषध नव्हते. क्ष-किरणांनी काही रुग्णांना तात्पुरता आराम पडे, एवढेच. उपचारांसाठी त्यांना परदेशात ठेवण्यात आले, पण 18 जून 1931 रोजी वेल्समधील एका शुश्रूषागृहात त्यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे 51 वर्षांचे होते.

देशातील आघाडीच्या उद्योगपतीलाही पत्नीच्या उपचारांसाठी सातासमुद्रापार जावे लागले होते. ज्यांना ते शक्य नव्हते, अशा लाखोंचे काय होत असेल, हा प्रश्न दोराबजींपुढे उभा राहिला. तसे उपचार भारतातच मिळाले पाहिजेत, असा त्यांचा निर्धार झाला. मार्च 1932 मध्ये त्यांनी आपली जवळजवळ सारी मालमत्ता सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या स्वाधीन केली. ज्युबिली हिराही त्यात होता. त्यापाठोपाठ रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी पत्नीच्या नावाने लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. त्यानंतर ते पत्नीच्या समाधीच्या दर्शनासाठी युरोपला निघाले. मात्र वाटेत जर्मनीतील बाड किसिंगेन येथे 3 जून 1932 रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. इंग्लंडमधील ब्रुकवूड येथे मेहरबाईंशेजारीच त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

परळची सात मजली इमारत

दोराबजींची इच्छा त्यांच्यामागे सर नवरोजी सकलातवाला आणि नंतर जे. आर. डी. टाटा यांनी पुढे नेली. 1937 मध्ये ज्युबिली हिरा विकला गेला आणि त्याची रक्कम ट्रस्टला मिळाली. 28 फेब्रुवारी 1941 रोजी, दुसरे महायुद्ध पेटलेले असताना, परळ येथील सात मजली इमारतीत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि रोगनिदान यांची एकत्र सोय हे या रुग्णालयाचे वैशिष्ट्य होते. समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था दोराबजींच्याच नावाने 1936 मध्ये सुरू झाली होती. मूलभूत विज्ञानाच्या संशोधनासाठीची टाटा संस्थाही 1945 मध्ये याच ट्रस्टच्या पाठबळावर उभी राहिली.

ही दुसरी संस्था उभारणारे डॉ. होमी भाभा हे मेहरबाईंचे सख्खे भाचे. अणूतील शक्तीचा रुग्णांसाठी उपयोग करून घेता येईल, हे त्यांनी ओळखले होते. 1957 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे गेलेले हे रुग्णालय 1962 मध्ये त्यांच्याच दूरदृष्टीने अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आले. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे का, याचे उत्तर किरणोपचारांत दडले आहे. किरणोत्सारी कोबाल्टमधून निघणारे गॅमा किरण शरीरात खोलवर शिरून गाठीतील पेशी नष्ट करतात. हा कोबाल्ट अणुभट्टीत तयार होतो. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने कोबाल्टवर चालणारे देशी उपचारयंत्र बनवले. त्याला 'भाभाट्रॉन' हे नाव देण्यात आले.

आज किरणोपचार पुष्कळ पुढे गेले आहेत. लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर या यंत्रात किरणोत्सारी पदार्थ लागत नाही, विजेवरच शक्तिशाली क्ष-किरण निर्माण होतात. संगणकाच्या साह्याने किरणांचा झोत गाठीच्या आकाराप्रमाणे वळवता येतो आणि भोवतालचे निरोगी अवयव बरेचसे वाचवता येतात. 2023 मध्ये टाटा मेमोरियलच्या खारघर येथील केंद्रात प्रोटॉन किरणांच्या उपचारांची सुविधा राष्ट्राला अर्पण करण्यात आली.

यंत्रे बदलली, तरी रुग्णाची एक अडचण कायम राहिली. किरणांची मात्रा एकदम देता येत नाही. निरोगी पेशींना सावरायला उसंत मिळावी, म्हणून ती थोडी थोडी विभागून द्यावी लागते. पुष्कळ रुग्णांना आठवड्यातून पाच दिवस, असे पाच ते सात आठवडे यावे लागते. रोजचा उपचार काही मिनिटांचा, पण त्यासाठी मुक्काम दीड-दोन महिन्यांचा. कोल्हापूरच्या शेतकऱ्याला किंवा कामगाराला मुंबईत एवढे दिवस राहणे उपचारांइतकेच अवघड जाते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी अशा हजारो कुटुंबांना आधार दिला. तरीही बुडणारा रोजगार आणि मागे राहिलेली शेती, गुरे, मुले यांच्या काळजीने उपचार अर्धवट सोडणारे रुग्णही असतात. अर्धवट किरणोपचार म्हणजे रोगाला पुन्हा डोके वर काढण्याची संधीच.

आता कोल्हापूर आणि मिरजेतही किरणोपचारांची सोय झाली आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश असल्याने पात्र रुग्णांच्या खर्चाचा भारही हलका होतो. सकाळी उपचार घेऊन दुपारी घरी परतणे अनेकांना शक्य झाले आहे. गुंतागुंतीच्या रोगासाठी परळची वाट अजूनही धरावी लागते, पण प्रत्येकासाठी ती आता अटळ राहिलेली नाही.

जे उपचार सातासमुद्रापार होते, ते मायदेशी आणावेत, ही दोराबजींची तळमळ होती. परळपर्यंत आलेले ते उपचार आता जिल्ह्याच्या गावी पोहोचत आहेत. त्यांनी ज्युबिली हिऱ्यासह जे सर्वस्व देऊन टाकले, त्याचे मोल उपचार पूर्ण करून आपल्या गावी परतणारा प्रत्येक रुग्ण जाणतो, मग त्याला दोराबजींचे नाव ठाऊक असो वा नसो.