जॉन ऑगस्टस लार्सन

जॉन ऑगस्टस लार्सन (जन्म : ११ डिसेंबर १८९२, मृत्यू : १ ऑक्टोबर १९६५) हे अमेरिकेतील पोलीस अधिकारी, शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ होते. रक्तदाब, नाडी आणि श्वसन यांतील बदल एकाच वेळी व अखंडपणे नोंदवणारे यंत्र त्यांनी १९२१ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे तयार केले. हेच यंत्र पुढे पॉलिग्राफ, लाय डिटेक्टर किंवा असत्यशोधक यंत्र या नावांनी जगभर पसरले. खुनाच्या तपासात या यंत्राचा वापर करणाऱ्या पहिल्या व्यक्तींमध्ये लार्सन यांचा समावेश होतो. त्याच्या निष्कर्षांवर विसंबून राहू नये असे सांगणाऱ्या सुरुवातीच्या टीकाकारांमध्येही त्यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते.

पूर्वायुष्य

लार्सन यांचा जन्म कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतात शेलबर्न येथे झाला. आईवडील मूळचे स्कँडिनेव्हियातील होते. कुटुंब पुढे अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात स्थायिक झाले. पडेल ते काम करून लार्सन यांनी बॉस्टन विद्यापीठात शिक्षण घेतले व १९१५ साली पदव्युत्तर पदवी मिळवली. तेथे त्यांनी बोटांच्या ठशांवरून व्यक्तीची ओळख पटवण्याच्या विषयावर प्रबंध लिहिला आणि त्यातूनच गुन्हेशोधनाची आवड निर्माण झाली. १९२० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून त्यांनी शरीरक्रियाशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी ते बर्कलीच्या पोलीस दलात भरती झाले. अमेरिकेतील पहिला डॉक्टरेटधारक पोलीस असा त्यांचा उल्लेख केला जातो.

बर्कलीचे पोलीस प्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांना सुशिक्षित पोलीस हवे होते. त्या काळी अमेरिकेत संशयिताला मारहाण करून, उपाशी किंवा जागे ठेवून कबुली घेण्याची पद्धत सर्रास चालत असे. तिला थर्ड डिग्री म्हणत. या पद्धतीवर प्रकाश टाकणारा विकरशॅम आयोगाचा अहवाल १९३१ साली प्रसिद्ध झाला. व्होल्मर मात्र त्याच्या बरेच आधीपासून तिच्याऐवजी काहीतरी शास्त्रीय साधन शोधत होते. लार्सन यांच्या यंत्राचा उगम या शोधात आहे. ज्या साधनावर पुढे मानसिक छळाचा आरोप झाला, ते मुळात छळ थांबवण्यासाठी जन्माला आले होते.

यंत्राची निर्मिती

हार्वर्डमध्ये शिकलेले मानसशास्त्रज्ञ विल्यम मोल्टन मार्स्टन हे खोटे बोलताना रक्तदाब वाढतो या गृहीतकावर प्रयोग करीत होते. त्यांच्या पद्धतीत रक्तदाब थोड्या थोड्या वेळाने मोजावा लागे, त्यामुळे दोन मोजमापांमधील चढउतार निसटून जात आणि मोजणाऱ्याच्या मनाचा कल नोंदीत शिरण्याची भीती राही. मार्स्टन यांचा १९२१ मधील लेख वाचून लार्सन यांनी यावर तोडगा काढला. संशयिताच्या दंडाला रक्तदाबाची पट्टी आणि छातीभोवती रबरी नळी बांधायची, दोन्हींतील हवेच्या दाबाने सुया हलवायच्या आणि काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर दोन रेषा उमटवायच्या, अशी ही रचना होती. चाचणी संपल्यावर कागदावर रोगण चढवून आलेख जतन केला जाई. प्रश्न हो किंवा नाही एवढेच उत्तर देता येईल असे असत व ते सर्व संशयितांना त्याच शब्दांत, त्याच क्रमाने विचारले जात. काही प्रश्न गुन्ह्याविषयी, तर काही अगदी निरुपद्रवी असत. दोन्हींवरील प्रतिक्रियांची तुलना करून निष्कर्ष काढला जाई.

१९२१ च्या वसंत ऋतूत बर्कलीतील विद्यार्थिनींच्या एका वसतिगृहातील चोऱ्यांच्या तपासात या यंत्राचा पहिला वापर झाला. एक विद्यार्थिनी चाचणी अर्धवट टाकून संतापाने निघून गेली व काही दिवसांनी तिने कबुली दिली. प्रकरण यशस्वी ठरले. मात्र ते निकालात निघाले कबुलीने, आलेखाने नव्हे. हा फरक त्या वेळी फारसा कोणी लक्षात घेतला नाही. ज्यांच्या वस्तू चोरीला गेल्या होत्या त्यांपैकी एका विद्यार्थिनीशी लार्सन यांचा पुढे विवाह झाला.

हेस्लिन खून प्रकरण

२ ऑगस्ट १९२१ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोजवळील कोल्मा येथील कॅथलिक धर्मगुरू पॅट्रिक हेस्लिन यांना एका अनोळखी माणसाने मरणासन्न व्यक्तीकडे नेण्याच्या निमित्ताने घराबाहेर काढले. त्यानंतर खंडणीचे पत्र आले. काही दिवसांनी विल्यम हायटॉवर हा पाव भाजण्याचे काम करणारा माणूस पुढे आला. प्रेत कोठे पुरले आहे ते आपल्याला कळले असून त्या जागेवर धिरडी भाजणारा एक माणूस पहारा देतो, असे तो सांगू लागला. तो लोकांना समुद्रकिनाऱ्यावर घेऊन गेला. तेथे धिरड्यांच्या पिठाची जाहिरात करणारा फलक होता, त्यावर तवा घेतलेल्या माणसाचे चित्र होते आणि त्याच परिसरातील वाळूत हेस्लिन यांचे प्रेत सापडले.

रेडवुड सिटीच्या तुरुंगात लार्सन यांनी हायटॉवरची चाचणी घेतली. तो खोटे बोलत असल्याचा त्यांचा निष्कर्ष सॅन फ्रान्सिस्कोतील एका वृत्तपत्राने आलेखाच्या छायाचित्रासह पहिल्या पानावर छापला. असत्यशोधक यंत्राची कीर्ती सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली ती या बातमीमुळे. न्यायालयात मात्र हा आलेख पुरावा म्हणून आला नाही. हायटॉवरला दोषी ठरवले ते इतर पुराव्यांमुळे. त्यांत त्याच्या चाकूवरील वाळूसारख्या वस्तूंची बर्कलीचेच गुन्हेतज्ज्ञ एडवर्ड हाइनरिख यांनी केलेली तपासणी होती. वाचकांच्या लक्षात मात्र यंत्र राहिले, वाळूचे कण राहिले नाहीत. हायटॉवरला जन्मठेप झाली आणि १९६५ साली, म्हणजे लार्सन यांच्या मृत्यूच्या वर्षी, तो पॅरोलवर सुटला.

विल्केन्स प्रकरण

मे १९२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील मेकॅनिक हेन्री विल्केन्स याची पत्नी सहलीहून परतताना गोळी लागून मरण पावली. रस्त्यात लुटारूंनी हल्ला केला, असे विल्केन्सचे म्हणणे होते. लार्सन यांच्या चाचणीत तो खरे बोलत असल्याचे दिसून आले. नंतर मात्र हा खून विल्केन्सनेच घडवून आणल्याचा संशय पोलिसांना आला आणि त्याच्यावर खटला भरण्यात आला. आरोप अखेर सिद्ध झाला नाही. त्यामुळे यंत्राचा कौल बरोबर होता की चूक, याचा पडताळा घेण्याचा मार्गच उरला नाही. लार्सन यांना हीच गोष्ट अस्वस्थ करणारी होती. प्रयोगशाळेत कोण खोटे बोलत आहे हे प्रयोग करणाऱ्याला आधीच ठाऊक असते, खऱ्या खुनाच्या तपासात ते कधीकधी शेवटपर्यंत कोणालाच कळत नाही.

न्यायालयांची भूमिका

दरम्यान वॉशिंग्टनमध्ये एका डॉक्टरच्या खुनाचा आरोप असलेल्या जेम्स फ्राय याची मार्स्टन यांनी रक्तदाब चाचणी घेतली व तो निर्दोष असल्याचे मत दिले. ती साक्ष न्यायालयाने नाकारली. ३ डिसेंबर १९२३ रोजी अपील न्यायालयाने, संबंधित शास्त्रातील तज्ज्ञांमध्ये सर्वसाधारण मान्यता मिळालेले तंत्रच पुरावा म्हणून ग्राह्य धरता येईल, असा निकष घालून दिला. फ्राय निकष म्हणून ओळखले जाणारे हे तत्त्व अमेरिकेतील न्यायालयांनी पुढे अनेक दशके पाळले. मार्स्टन यांनी नंतर वंडर वुमन हे चित्रकथेतील पात्र निर्माण केले. तिच्या हातातील दोरात अडकलेला माणूस खरे बोलल्याशिवाय राहत नाही.

केलर यांच्याशी मतभेद

बर्कलीत असताना लिओनार्ड केलर हा तरुण लार्सन यांच्या हाताखाली तयार झाला. केलर यांनी यंत्र आटोपशीर व सहज नेता येईल असे बनवले, त्याचे पेटंट घेतले आणि शिकागोत पोलिसांबरोबरच बँका व दुकाने यांच्या नोकरांच्या चाचण्या घेण्याचा व्यवसाय उभा केला. लार्सन यांनी स्वतः पेटंट घेतले नव्हते. हे संशोधन अपुरे असून ते खुल्या शास्त्रीय तपासणीतून पुढे गेले पाहिजे, असे त्यांचे मत होते. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लार्सन यांच्या मोठ्या ग्रंथावर केलर यांचेही नाव आहे, परंतु दोघांचे मार्ग तोवर वेगळे झाले होते.

वादाचे मूळ केवळ पैशात नव्हते. यंत्रासमोर बसवलेला संशयित आता आपले बिंग फुटले असे समजून कबुली देतो, हे केलर यांच्या दृष्टीने यश होते. लार्सन यांच्या मते अशी कबुली म्हणजे थर्ड डिग्रीचाच मानसिक अवतार होता, कारण तेथे काम करते ती भीती. शिवाय घाबरलेला निर्दोष माणूस आणि घाबरलेला गुन्हेगार यांचे आलेख सारखेच दिसू शकतात. १९३७ साली शिकागोत याचे टोकाचे उदाहरण घडले. खुनाबद्दल मृत्युदंड झालेल्या जोसेफ रॅपापोर्ट याची केलर यांनी तुरुंगात जाऊन शिक्षेच्या अंमलबजावणीच्या काही तास आधी चाचणी घेतली. इलिनॉयचे गव्हर्नर हेन्री हॉर्नर यांचा शिक्षेविषयीचा निर्णय या चाचणीसाठी थांबला होता. रॅपापोर्ट खोटे बोलत असल्याचे केलर यांनी कळवले आणि त्याला विजेच्या खुर्चीत मृत्युदंड देण्यात आला. ज्याचे मरण काही तासांवर आले आहे, त्याची नाडी शांत कशी राहावी, या प्रश्नाचे उत्तर त्या आलेखात असणे शक्य नव्हते.

उत्तरायुष्य

१९२३ नंतर लार्सन शिकागोला गेले. तेथे बालगुन्हेगारांविषयीच्या संशोधन संस्थेत काम करीत त्यांनी रश वैद्यकीय महाविद्यालयातून १९२८ साली वैद्यकीय पदवी घेतली आणि मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम सुरू केले. खोटे बोलणारा माणूस पकडण्यापेक्षा तो गुन्ह्याकडे का वळला हे समजून घेऊन त्याच्यावर उपचार करावेत, याकडे त्यांचा कल वाढत गेला. पुढे त्यांनी अनेक ठिकाणी नोकरी केली. इंडियाना राज्यातील लोगन्सपोर्ट येथील मनोरुग्णालयाचे ते अधीक्षक होते.

यंत्राविषयी ते अखेरपर्यंत लिहीत राहिले. आपल्या हातून एक फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस निर्माण झाला व त्याच्याशी झगडण्यात चाळीस वर्षे गेली, अशा आशयाची खंत त्यांनी उतारवयात व्यक्त केली. १९६५ साली नॅशव्हिल येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.

नंतरच्या काळातील मूल्यमापन

लार्सन यांनी घेतलेल्या शंका पुढे बऱ्याच अंशी मान्य झाल्या. खोटे बोलण्याची अशी स्वतंत्र शारीरिक खूण नाही. यंत्र फक्त उत्तेजना नोंदवते. वॉशिंग्टन राज्यात अनेक स्त्रियांचे खून करणारा गॅरी रिजवे १९८४ मध्ये ही चाचणी उत्तीर्ण झाला होता. तो जनुकीय पुराव्याच्या आधारे २००१ मध्ये पकडला गेला आणि २००३ साली त्याने ४८ खुनांची कबुली दिली. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्येच दिलेल्या अहवालानुसार, विशिष्ट घटनेच्या तपासात या चाचण्यांची अचूकता निव्वळ योगायोगापेक्षा बरीच जास्त, पण पूर्ण अचूकतेपासून खूप दूर असते. १९८८ च्या कायद्याने अमेरिकेतील बहुतेक खासगी कंपन्यांना नोकरभरतीसाठी ही चाचणी घेण्यास मनाई केली आहे.

भारतात राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००० साली या चाचणीसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांत संशयिताची संमती आवश्यक मानली आहे. २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मात्र तपासासाठी अशा चाचण्या घेण्यास परवानगी देणारा निर्णय दिला होता. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूची चाचणी घेणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) व २१ चे उल्लंघन ठरते, असा निर्णय दिला. संमतीने घेतलेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतः पुरावा ठरत नाही. तिच्या साहाय्याने नंतर सापडलेली वस्तू किंवा माहिती मात्र ग्राह्य धरता येते.