ऑलिंपिकची वाट घडविणारे सर दोराबजी टाटा

रशियातील सोची शहरात ७ फेब्रुवारी २०१४ रोजी हिवाळी ऑलिंपिकचे उद्‌घाटन झाले. त्या दिवशीच्या संचलनात शिवा केशवन, हिमांशू ठाकूर आणि नदीम इक्बाल हे तीन भारतीय खेळाडू होते. मात्र त्यांच्यापुढे तिरंगा नव्हता. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने भारतीय ऑलिंपिक संघटनेला निलंबित केले असल्याने त्यांना पाच वर्तुळांच्या ऑलिंपिक ध्वजाखाली चालावे लागले. ज्या संघटनेमुळे ही वेळ आली, तिचे पहिले अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांचे चरित्र अशा वेळी आठवल्यावाचून राहत नाही. पोलाद, वीज आणि विमा या क्षेत्रांतील कर्ते उद्योजक म्हणून दोराबजी सर्वांना ठाऊक आहेत. परंतु जगाच्या क्रीडामेळ्यात भारताचा संघ उतरावा, यासाठी त्यांनी आपली पत आणि पैसा खर्ची घातला, ही त्यांच्या आयुष्याची बाजू तुलनेने झाकोळलेलीच राहिली आहे.

केंब्रिजचे मैदान, नागपूरची गिरणी

जमशेटजी आणि हिराबाई टाटा यांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. मुंबईतील शालेय शिक्षणानंतर १८७५ मध्ये त्यांना इंग्लंडला धाडण्यात आले. १८७७ ते १८७९ ही दोन वर्षे ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात होते. तेथे ग्रंथालयाइतकेच मैदानही त्यांना प्रिय झाले. क्रिकेट आणि फुटबॉलमध्ये त्यांनी नाव मिळविले. खेळ हा शिक्षणाचाच भाग आहे, ही जाणीव त्या मैदानांनी त्यांच्या मनात रुजविली आणि ती अखेरपर्यंत टिकली.

मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून १८८२ मध्ये पदवी घेतली. त्यानंतरची दोन वर्षे त्यांनी चक्क पत्रकारितेत काढली. ‘बॉम्बे गॅझेट’ या वृत्तपत्रात ते काम करीत होते. गर्भश्रीमंत घरातील मुलाने बातमीदाराची लेखणी हाती धरावी, हे त्या काळी नवलाचेच होते. १८८४ मध्ये ते वडिलांच्या कापड व्यवसायात आले आणि पुढे नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये दाखल झाले.

ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली होती. गिरणी म्हटली की मुंबई, असे समीकरण रूढ असताना जमशेटजींनी नागपूरची निवड केली, ती कापूस पिकविणारा मुलूख जवळ होता म्हणून. वऱ्हाडच्या काळ्या मातीचा हा पट्टा तेव्हाही कापसासाठी प्रसिद्ध होता. आजचा वाशीम जिल्हा त्याच पट्ट्यात मोडतो. इंग्रजी अमलात ‘बाशीम’ या नावाने तो स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोला आणि यवतमाळ या जिल्ह्यांत विभागला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. मुंबईच्या सधन पारशी घरात वाढलेल्या दोराबजींना शेतकऱ्यांच्या या मुलखाचा शेजार घडला, तो नागपूरमुळे.

नागपूरने त्यांना आणखी एक देणगी दिली. पोलादाच्या कारखान्यासाठी लोहखनिजाचा शोध सुरू असताना दोराबजी सरकारी अधिकाऱ्यांच्या भेटीसाठी नागपुरात गेले होते. वाट पाहण्याचा वेळ घालविण्यासाठी ते समोरच्या वस्तुसंग्रहालयात शिरले. तेथील भूगर्भीय नकाशावर दुर्ग परिसरातील गडद रंगाने त्यांचे लक्ष वेधले. तो रंग लोहखनिजाचा होता. शोधाला त्यातून नवी दिशा मिळाली. १९०४ मध्ये जमशेटजींचे निधन झाले आणि त्यांची अपुरी स्वप्ने पूर्ण करण्याची जबाबदारी दोराबजींवर येऊन पडली. १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनी स्थापन झाली आणि १९१२ मध्ये साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, पोलादाची पहिली लगड बाहेर पडली. त्याआधीच, १९१० मध्ये, दोराबजींना ‘सर’ हा किताब मिळाला होता.

पुण्यातील अनवाणी धावपटू

दोराबजींच्या क्रीडाकार्याची खरी सुरुवात पुण्यात झाली. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९१९ च्या स्पर्धांत त्यांनी पाहिलेले दृश्य निर्णायक ठरले. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेले स्पर्धक बहुतांशी शेतकरी वर्गातील होते. पायांत बूट नव्हते, प्रशिक्षक नव्हता, स्पर्धेच्या नियमांची धड ओळखही नव्हती. तरीही त्यांनी नोंदविलेल्या वेळा युरोपातील धावपटूंच्या तुलनेत उण्या नव्हत्या.

अशा वेळी बक्षिसे वाटून घरी जाणे कोणाही प्रतिष्ठित पाहुण्याला सहज शक्य होते. दोराबजींनी वेगळा विचार केला. या तरुणांत गुणवत्ता आहे. नाही ती केवळ पुढे नेणारी वाट, हे त्यांच्यातील केंब्रिजच्या खेळाडूने ओळखले. पुढील वर्षी अँटवर्प येथे ऑलिंपिक भरणार होते. दोराबजींनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्याकडे शब्द टाकला आणि भारताला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळावा यासाठी त्यांचे साह्य घेतले. १९२० मध्ये ही परवानगी मिळाली. देश पारतंत्र्यात असतानाही क्रीडांगणावर भारत हे स्वतंत्र नाव उमटण्याची सोय त्यामुळे झाली.

सहा जणांचा संघ

निवडलेल्या संघात अवघे सहा खेळाडू होते. पूर्मा बॅनर्जी, फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी हे धावपटू, तर कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे मल्ल. सोहराब भूत आणि डॉ. फैजी हे व्यवस्थापक म्हणून सोबत गेले. खर्चाचा मोठा भार दोराबजींनी स्वतः उचलला. कामगिरीच्या तक्त्यात या संघाचे पदक नाही. मात्र बेळगावच्या फडेप्पा चौगुलेंनी मॅरेथॉन पूर्ण करून १९ वा क्रमांक मिळविला, तर रणधीर शिंदे कुस्तीत कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोहोचून हरले. पहिल्याच प्रयत्नात, परक्या हवेत, परक्या नियमांत झालेली ही कामगिरी दुर्लक्षिण्यासारखी नव्हती.

या अँटवर्प ऑलिंपिकची एक गंमत आज फारशी कोणाच्या ध्यानात नसते. हिवाळी ऑलिंपिक ही स्वतंत्र स्पर्धा तेव्हा जन्मालाही आली नव्हती. बर्फावरील हॉकीचा ऑलिंपिकमधील पहिला सामना १९२० च्या एप्रिल महिन्यात अँटवर्पमध्येच झाला आणि कॅनडाच्या संघाने सुवर्णपदक पटकावले. म्हणजे चौगुले आणि शिंदे ज्या ऑलिंपिकमध्ये उतरले, त्याच ऑलिंपिकच्या कार्यक्रमात बर्फावरचे खेळही होते. पुढे १९२४ मध्ये फ्रान्समधील शामोनी येथे हिवाळी क्रीडासप्ताह भरला आणि त्यालाच नंतर पहिल्या हिवाळी ऑलिंपिकचा मान देण्यात आला. भारताला मात्र त्या बर्फापर्यंत पोहोचण्यास १९६४ साल उजाडावे लागले.

कसोटीचे वर्ष

१९२० मध्येच दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले. एखादा संघ धाडणे ही हौस ठरू शकते. पण दर चार वर्षांनी संघ जावा, असे वाटत असेल तर यंत्रणा हवी, याचे भान त्यांच्यातील उद्योजकाला होते. यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनचे डॉ. नोहरेन आणि हॅरी बक यांच्या साह्याने प्रांतोप्रांती क्रीडासंघटना उभ्या करण्याचे काम सुरू झाले. १९२४ च्या प्रारंभी दिल्लीत अखिल भारतीय स्पर्धा घेण्यात आल्या आणि त्यांतून पॅरिस ऑलिंपिकसाठी खेळाडू निवडले गेले. याही संघाच्या पाठीशी दोराबजी आर्थिक बळ घेऊन उभे राहिले.

हेच १९२४ साल दोराबजींच्या उद्योगजीवनातील सर्वांत कठीण साल होते, हे लक्षात घेतले की त्यांच्या दानतीचे मोल कळते. महायुद्धानंतरच्या मंदीत पोलाद कारखाना डबघाईला आला होता. कामगारांचे पगार देण्यापुरतेही पैसे नाहीत, अशी अवस्था झाली. दोराबजींनी तेव्हा आपली जवळपास एक कोटी रुपयांची खासगी मालमत्ता इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवून कर्ज उभारले. त्या तारणात पत्नी मेहरबाईंचे दागिने होते आणि २४५ कॅरटचा प्रसिद्ध ‘ज्युबिली’ हिराही होता. कारखाना वाचला.

मेहरबाई या म्हैसूर संस्थानातील शिक्षणाधिकारी होरमसजी भाभा यांच्या कन्या आणि अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांच्या आत्या. दोराबजींशी त्यांचा विवाह १८९८ मध्ये झाला. त्या साडी नेसून टेनिस खेळत आणि स्पर्धाही जिंकत. बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या चळवळीत त्यांनी हिरिरीने भाग घेतला. या दांपत्याला अपत्य नव्हते. खेळाची आवड आणि सार्वजनिक कामाची ओढ हा दोघांमधील समान धागा होता.

१९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना रीतसर स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. संस्था मार्गी लागताच त्यांनी पद सोडले आणि १९२८ मध्ये पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग अध्यक्ष झाले. उभारलेल्या संस्थेला खुर्चीने बांधून न ठेवण्याचा हा विवेक पुढील काळात दुर्मीळच ठरला. त्याच वर्षी ॲमस्टरडॅम येथे भारताने हॉकीचे पहिले सुवर्णपदक जिंकले.

अखेरचा प्रवास

१८ जून १९३१ रोजी रक्ताच्या कर्करोगाने मेहरबाईंचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी दोराबजींनी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टला निधी दिला आणि आपली उर्वरित संपत्ती १९३२ मध्ये आपल्या नावाच्या विश्वस्त संस्थेकडे सोपविली. पत्नीच्या समाधीला भेट देण्यासाठी ते युरोपला निघाले असता जर्मनीतील बाड किसिंगन येथे ३ जून १९३२ रोजी त्यांचे देहावसान झाले. इंग्लंडमधील ब्रुकवुड येथे मेहरबाईंच्या शेजारीच त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. मुंबईतील टाटा मेमोरियल रुग्णालय, टाटा समाजविज्ञान संस्था आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था ही त्यांच्या विश्वस्त निधीतून उभी राहिलेली कामे आहेत.

त्यांच्या पश्चात चार वर्षांनी, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. पुण्याच्या मैदानातून निघालेली वाट वऱ्हाडपर्यंत येऊन पोहोचल्याचीच ती खूण होती.

सोचीचा धडा

बर्फाच्या खेळांतील भारताचा प्रवास मात्र एकाकीच राहिला. १९६४ मध्ये इन्सब्रुक येथे जेरेमी बुजाकोव्हस्की हा एकमेव स्कीपटू भारतातर्फे उतरला. १९८८ मध्ये कॅलगरी येथे शैलजा कुमार या हिवाळी ऑलिंपिकमधील पहिल्या भारतीय महिला ठरल्या आणि स्लॅलम शर्यतीत २८ व्या आल्या. शिवा केशवन यांनी १९९८ पासून ल्यूज या बर्फावरील घसरगाडीच्या खेळात भारताचे प्रतिनिधित्व केले. २०२२ पर्यंतच्या एकाही हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताला पदक मिळाले नाही.

सोचीत केशवन ३७ वे आले. ही शर्यत ते ऑलिंपिकच्या ध्वजाखाली धावले. निवडणुकीतील गैरप्रकार आणि आरोपग्रस्त पदाधिकाऱ्यांचा प्रश्न यांमुळे भारतीय संघटना डिसेंबर २०१२ पासून निलंबित होती. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी नव्याने निवडणूक झाली आणि दोनच दिवसांनी निलंबन उठले. त्यानंतर नदीम इक्बाल आणि हिमांशू ठाकूर हे भारताच्या नावाने स्पर्धेत उतरले. केशवन यांची संधी मात्र हुकली होती. दोष पदाधिकाऱ्यांचा आणि शिक्षा खेळाडूला, असा हा प्रकार होता.

पदकांच्या तक्त्यापेक्षा ही गोष्ट अधिक गंभीर आहे. गुणवान खेळाडू कोठेही जन्मू शकतो. त्याला जगापुढे नेण्याचे काम संस्थेला करावे लागते. वाशीम, मंगरूळपीर, कारंजा, रिसोड या गावांच्या रस्त्यांवर पोलिस आणि सैन्यभरतीच्या तयारीसाठी पहाटे धावणारी मुले आजही दिसतात. त्यांच्यातील एखाद्याची वेळ घड्याळात मोजून पाहणारा आणि पुढची वाट दाखविणारा कोणी भेटतो का, हा प्रश्न १९१९ इतकाच आजही खरा आहे. पुण्याच्या त्या मैदानात दोराबजींनी शेतकऱ्यांच्या मुलांच्या अनवाणी पायांकडे न पाहता त्यांच्या वेगाकडे पाहिले. क्रीडासंघटनेची धुरा वाहणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्याकडून एवढे जरी घेतले, तरी पुष्कळ आहे.