बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ

शाळेच्या मैदानावर बास्केटबॉल रंगात आलेला असतो आणि पंच 'फाऊल'ची शिटी वाजवतात. हा नियम ज्यांनी लिहिला ते धर्मशास्त्र शिकलेले गृहस्थ होते, हे वाचून आम्हालाही नवल वाटले.

जेम्स नेस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील अल्मॉन्ट गावाजवळ झाला. नऊ वर्षांचे होण्याच्या सुमारास विषमज्वराने आईवडील दोघेही गेले. मामांनी त्यांना वाढवले. पाळक व्हावे म्हणून ते माँट्रियलला शिकू लागले आणि रग्बीही खेळू लागले. असल्या धसमुसळ्या खेळापायी हा वाया जाईल या काळजीने त्यांचे सोबती त्यांच्यासाठी प्रार्थना करीत! एका सामन्यात शेजारच्या खेळाडूच्या तोंडून शिवी गेली आणि त्याने लगेच नेस्मिथची क्षमा मागितली. माणसे मैदानावरही सुधारता येतात, हे त्यांना तेव्हा उमगले. शिक्षण संपवून त्यांनी व्यायामशाळेची वाट धरली.

१८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए संस्थेत १८ तरुणांचा वर्ग कवायतीला कंटाळून हाताबाहेर गेला होता. प्रमुख ल्यूथर गुलिक यांनी नेस्मिथना १४ दिवसांत नवा खेळ शोधायला सांगितले. बाहेरचे खेळ आत आणले तर हातपाय मोडायची भीती. मग त्यांनी विचार केला: चेंडू घेऊन पळतो म्हणूनच खेळाडूला पाडतात ना? तर पळणेच बंद! चेंडू फक्त 'पास' करायचा. गोल समोर असला की चेंडू जोरात मारला जातो. तो डोक्यावर आडवा ठेवला तर अलगद फेकावाच लागतो. पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. उंची भरली १० फूट, ती आजही तेवढीच आहे. टोपलीला बूड होते, म्हणून चेंडू काढायला शिडी लागे. ढकलणे, धरणे, पाय घालणे म्हणजे फाऊल. दुसऱ्या फाऊलला पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. चेंडू आपटत नेण्याचे 'ड्रिबल' त्या १३ नियमांत नव्हते, ती पुढे खेळाडूंनी काढलेली युक्ती!

१८९८ मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले व कॅन्सस विद्यापीठात गेले. १९१६ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि सैनिकांत त्यांनी सेवा केली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये आपला खेळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी ते निवर्तले.

कॅन्ससमध्ये प्रशिक्षक म्हणून त्यांच्या खात्यावर ५५ विजय आणि ६० पराभव आहेत. तिथल्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा जास्त हरलेले तेवढे एकटेच!