मदतीचा हात आणि ताठ मान

रत्नागिरीच्या घरांना मनिऑर्डरीचे अर्थशास्त्र शिकवावे लागत नाही. मुंबईच्या गिरण्यांतून आलेल्या पैशाने येथील चुली पिढ्यान्‌पिढ्या पेटत्या राहिल्या. परंतु ज्या घराने त्यातला वाटा कलमांच्या लागवडीला आणि मुलांच्या शिक्षणाला लावला, तेच पुढे स्वतःच्या पायांवर उभे राहिले. हाच न्याय राष्ट्रांनाही लागू पडतो. संपन्न देशाकडून नवस्वतंत्र देशाने साहाय्य घ्यावे काय, आणि घ्यावे तर कशासाठी, या प्रश्नाशी ज्यांचे कर्तृत्व निगडित झाले, ते चिंतामण द्वारकानाथ देशमुख याच कोकणचे सुपुत्र होते.

रत्नागिरीला लागून असलेल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, रायगडाजवळच्या नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले येऊन त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. केंब्रिजला निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला आणि १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेतही पहिला क्रमांक पटकाविला. मध्य प्रांत व वऱ्हाडात प्रदीर्घ सेवा केल्यानंतर १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली. भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व इंग्रज अर्थसदस्याकडे असले, तरी देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ यांनी मागास देशांच्या विकासाचा मुद्दा परिषदेपुढे आग्रहाने मांडला. दुसरा मुद्दा अधिकच नाजूक होता. युद्धकाळात दरिद्री भारताने ब्रिटनला माल पुरविला आणि त्याचे मोल लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने अडकून पडले. युद्ध संपता संपता ही रक्कम सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली होती. म्हणजे उपाशी देश धनको होता आणि साम्राज्य ऋणको. या शिलकीचा काही भाग तरी मोकळा व्हावा, ही मागणी परिषदेने मान्य केली नाही. ती शिल्लक पुढे वाटाघाटींनी हप्त्याहप्त्याने सुटली. परकी मदतीकडे केवळ दयाबुद्धी म्हणून पाहणे देशमुखांना कधी जमले नाही, त्याचे मूळ या अनुभवात शोधता येते.

१९५० साली ते अर्थमंत्री झाले. त्याच वर्षी पॅरिसला भरलेल्या नाणेनिधी आणि जागतिक बँक यांच्या संयुक्त वार्षिक सभेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. घरी मात्र धान्याची टंचाई होती. अमेरिकेकडे मागितलेल्या २० लाख टन धान्याचा प्रश्न तेथील काँग्रेसमध्ये महिनोन्‌महिने रेंगाळला. अखेर जून १९५१ मध्ये धान्य मिळाले, ते दान म्हणून नव्हे, तर १९ कोटी डॉलरच्या कर्जाच्या रूपाने. जानेवारी १९५२ मध्ये अमेरिकेशी तांत्रिक सहकार्याचा करार झाला आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला ५५ सामूहिक विकास प्रकल्पांचा आरंभ झाला. कोलंबो योजनेतून कॅनडाने मयूराक्षीचे धरण उभे करण्यास हातभार लावला. न्यूझीलंडच्या अनुदानातून दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आकारास आली.

तरीही पहिल्या योजनेच्या खर्चात परकी साहाय्याचा वाटा सुमारे एक दशांशच राहिला. उरलेला भार देशाने करांतून, कर्जरोख्यांतून आणि बचतीतून उचलला. शिस्तीचा हा काळ देशमुखांच्या कारकीर्दीचे भूषण होय. परंतु त्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळातच तयार झालेल्या दुसऱ्या योजनेने ८०० कोटी रुपयांची परकी मदत गृहीत धरली, हेही विसरता येत नाही. पुढे परकी चलनाची चणचण तीव्र झाली आणि १९५८ साली जागतिक बँकेच्या पुढाकाराने धनको राष्ट्रांचा मंच स्थापन झाला. त्या महत्त्वाकांक्षेच्या जबाबदारीतून अर्थमंत्र्यांना सर्वस्वी मुक्त करणे न्यायाचे ठरणार नाही.

तोपर्यंत ते सत्तेबाहेर पडले होते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ १९५६ साली त्यांनी राजीनामा दिला. ज्या करारीपणाने ते परदेशांपुढे हिशेब मांडीत, त्याच करारीपणाने त्यांनी स्वकीयांपुढेही तो मांडला. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळून त्यांनी शिक्षणाची सेवा केली. त्यांना १९५९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज भारत स्वतःच देणाऱ्यांच्या पंक्तीत बसला आहे. २०२२ च्या संकटात त्याने श्रीलंकेला सुमारे ४ अब्ज डॉलरचे साहाय्य दिले. देणाऱ्याचा हात वर असतो, म्हणून घेणाऱ्याची मान खाली असलीच पाहिजे असे नाही. धान्यासाठी परक्या संसदेच्या दारात ताटकळलेल्या देशाने हे इतरांपेक्षा अधिक जाणले पाहिजे. शेजाऱ्यांना मदत करताना त्यांच्या स्वाभिमानाची बूज राखणे आणि ती मदत त्यांच्या उत्पादनशक्तीला लागेल असे पाहणे, हेच चिंतामणरावांच्या चरित्रातून घ्यावयाचे सार आहे.