काचेच्या बशीतले हाड

कोंबडी रवणाला बसली की तिसऱ्या दिवसाच्या सुमारास अंड्यातल्या इवल्याशा गर्भाच्या दोन्ही बाजूंना बारीक उंचवटे दिसू लागतात. पुढची जोडी पंखांची, मागची पायांची. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर आत हाड नाही, सांधा नाही. एकसारख्या दिसणाऱ्या पेशींचा गोळा आणि त्यावर त्वचेचे पातळ आवरण, एवढेच. पुढच्या काही दिवसांत याच गोळ्यात मांडी, गुडघा, नडगी, बोटे आखली जातात. माणसाच्या गर्भातही हेच घडते, चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून.

या गोळ्याला पाय कसा घडवायचा हे कोण सांगते? आजूबाजूचे शरीर, त्यातून येणारे रक्त, की त्याचे त्यालाच ते ठाऊक असते? उत्तर हवे तर तो शरीरापासून वेगळा करून, तरीही जिवंत ठेवून पाहायला हवा. ऑनर फेल यांनी हे काम आयुष्यभर केले.

त्यांचा जन्म १९०० सालचा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. नऊ भावंडांत त्या धाकट्या. प्राण्यांचे वेड इतके की बहिणीच्या लग्नालाही त्या आपला पाळीव फेरेट, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा प्राणी, बरोबर घेऊन गेल्या होत्या. एडिंबरा विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकताना त्यांनी लिंगबदल झालेल्या कोंबड्यांच्या बीजग्रंथींचा अभ्यास केला. पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे नवे तंत्र शिकण्यासाठी त्यांना केंब्रिजला थॉमस स्ट्रेंजवेज यांच्याकडे पाठवण्यात आले, आणि पुढे त्या तिथेच रमल्या.

स्ट्रेंजवेज हे विकृतिशास्त्रज्ञ. आमवाताने सांधे वेडेवाकडे झालेल्या रुग्णांसाठी त्यांनी १९०५ मध्ये एक छोटे संशोधन रुग्णालय काढले होते. सांधा का झिजतो हे कळायचे तर आधी तो बनतो कसा हे कळायला हवे, अशा विचाराने ते हळूहळू खाटांकडून पेशींकडे वळले. १९२६ मध्ये दोघांनी मिळून पायाच्या कोवळ्या उंचवट्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. गर्भापासून तोडलेल्या त्या गोळ्यात काचपात्रातही कूर्चा तयार झाली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्ट्रेंजवेज अचानक वारले.

प्रयोगशाळा बंद करायची वेळ आली. पैसा तुटपुंजा, प्रमुख गेलेला, उरलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. फेल आणि त्यांचे सहकारी स्पिअर यांनी विश्वस्तांना विनवून काम चालू ठेवले, आणि तिशी गाठायच्या आत फेल संचालक झाल्या. ज्या केंब्रिजमध्ये स्त्रियांना पूर्ण पदवी १९४८ पर्यंत मिळत नव्हती, तिथली ही गोष्ट. हे पद त्यांनी १९७० पर्यंत सांभाळले.

त्यांची पद्धत साधी होती. घड्याळाच्या काचेसारखी खोलगट बशी, तिच्यात कोंबडीच्या रक्तद्रवाची गुठळी आणि गर्भाचा अर्क, भोवती ओला कापूस, वर झाकण, आणि हे सगळे उबेत. या गुठळीवर त्या गर्भाच्या मांडीचे कूर्चेचे इवलेसे हाड ठेवत. रक्ताभिसरण नाही, मज्जातंतू नाही, ओढणारा स्नायू नाही. तरी ते लांब होई आणि त्याची टोके मांडीच्या हाडासारखीच आकार घेत. म्हणजे ढोबळ आराखडा त्या तुकड्यातच होता. तो पेशींमध्ये कसा वाटला जातो याचा शोध पुढे इतरांनी घेतला. १९४८ मध्ये जॉन साँडर्स यांनी पंखाच्या उंचवट्यावरची त्वचेची कड काढून टाकली, तेव्हा ती जितक्या लवकर काढली तितका पंख आखूड राहिला.

पण फेल यांच्या बशीत एक गोष्ट जमत नव्हती, आणि डॉक्टरांच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. १९३४ मध्ये त्यांनी आणि कँटी यांनी गुडघ्याचा भाग वाढवला. दोन हाडांची टोके समोरासमोर नीट घडत, मात्र पुढे मधली फट बुजून ती कूर्चेने एकमेकांना चिकटत. बशीत पाय हलत नाही ना! हाडाचा आकार तुकड्यातच असला, तरी सांधा मोकळा राहायला हालचाल लागते. पुढे इतर शास्त्रज्ञांनी अंड्यातच गर्भ लुळा केला, तेव्हाही सांधे असेच जखडले. पोटातल्या बाळाची हालचाल फार कमी असेल तर ते आखडलेल्या सांध्यांनी जन्माला येऊ शकते, त्यामागेही हेच आहे.

पन्नाशीत त्या जीवनसत्त्व अ कडे वळल्या. जोडीला होते मुडदुसावरच्या कामामुळे नावाजलेले एडवर्ड मेलनबी. बशीत हे जीवनसत्त्व जास्त घातले की कूर्चेचा भरीव पदार्थ विरघळू लागे. कोंबडीच्या गर्भाच्या त्वचेने तर त्याच्या प्रभावाने आपला धर्मच सोडला आणि ती नाकाच्या अस्तरासारखी शेंबूड स्रवू लागली. म्हणजे पेशीने एकदा धरलेली वाट बदलू शकते. (मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या याच जीवनसत्त्वाच्या कुळातल्या. गर्भारपणात त्या पूर्ण वर्ज्य असतात, कारण बाळाच्या घडणीवर त्यांचा घाला पडतो.) १९५२ मध्ये त्या रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या, १९६३ मध्ये डेम.

सत्तरीत संचालकपद सोडले, बशी सोडली नाही. आता त्या पुन्हा स्ट्रेंजवेज यांच्या मूळ प्रश्नाकडे आल्या: आमवातात सांधा झिजतो कसा? डुकराच्या सांध्याचे अस्तर आणि कूर्चा त्यांनी एकाच बशीत, पण एकमेकांना न टेकवता ठेवली. तरीही कूर्चा झिजू लागली. म्हणजे अस्तरातून काहीतरी पाझरत होते, आणि ते कूर्चेतल्या पेशींनाच भोवतालचा पदार्थ मोडायला लावत होते. १९७७ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. या द्रव्याला कॅटाबोलिन नाव मिळाले. ते म्हणजे दाह पेटवणारे इंटरल्युकिन-१ च आहे, हे १९८५ मध्ये सिद्ध झाले.

एप्रिल १९८६ मध्ये, शहाऐंशीव्या वाढदिवसाला महिना राहिला असताना, त्या गेल्या. शेवटच्या काळातही त्यांचे काम चालू होते, त्याच प्रयोगशाळेत. इंटरल्युकिन-१ ची वाट अडवणारे अ‍ॅनाकिन्रा हे औषध आमवातासाठी २००१ मध्ये बाजारात आले.